सरळ रस्त्यांच्या काउंटीतलं वळण

कॅनडात नोकरी केली म्हटलं की आपल्याकडची माणसं लगेच विचारतात, "सॉफ्टवेअर का?" नाही हो. मी दहा वर्षं मेलेल्या शाळा, जळालेली चर्चेस आणि नकाशावरून पुसलेली गावं शोधत हिंडले, आणि त्याचा पगार घेतला. हे ऐकलं की समोरचा विचारतो, "आणि मिस्टर?" मिस्टर एडमंटनला ऑफिसात बसून पाइपलाइनची गणितं करायचे. झालं समाधान? आता माझं ऐका.

एडमंटनहून पूर्वेला दीड तास गाडी हाकली की आमची काउंटी लागायची. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा, पण माणसं एखाद्या मोठ्या खेड्याइतकीच. गहू, मोहरीच्या जातीचा कनोला, गाई, मधूनच तेलाच्या विहिरी, आणि आठवड्यातून तीन दिवस समोरून येणारा वारा. काउंटीच्या ऑफिसात नकाशा विभाग होता, म्हणजे मी आणि एक मोठा प्रिंटर. माझं नाव वैजयंती. पहिल्याच दिवशी त्याचं 'व्ही' झालं आणि मी ते चालवून घेतलं, कारण सगळं नाव उच्चारताना साहेबाचा चेहरा लाल व्हायला लागला होता.

रस्ते, पूल, शेतांच्या हद्दी हे रोजचं काम. त्यात साहेबानं एक यादी हातात ठेवली. काउंटीतल्या जुन्या शाळा, चर्चेस, कबरस्तानं, धान्याचे लाकडी मनोरे. जाऊन उपग्रहाच्या यंत्रानं जागा नोंदवायची, फोटो काढायचे, दोन ओळी लिहायच्या. मग काउंटी तिथे पाटी लावणार, 'ऐतिहासिक स्थळ'. यादीतली सगळ्यात जुनी वस्तू शंभर वर्षांचीही नव्हती. मी मनात म्हटलं, हात्तिच्या, आमच्या घरातलं अंघोळीचं घंगाळ याहून जुनं आहे.

पहिल्या शाळेला गेले ती नकाशाप्रमाणे बरोबर पोचले आणि हबकून उभी राहिले. चारही बाजूंना गहू. शाळा नाही, भिंत नाही, वीट नाही. बाजूच्या शेतातला एक सत्तरीचा गृहस्थ ट्रॅक्टरवरून उतरून आला. म्हटलं, "शाळा कुठे आहे हो?" त्यानं गव्हात चार पावलं टाकली, बूट आपटला आणि म्हणाला, "ही. इथे मी गणितात नापास झालो." आणि माझ्यासमोर त्याचे डोळे भरून आले. आपल्याकडे पडकं का होईना, काहीतरी उरतं. इथे लाकडाचं सगळं. माणसं गेली की फळ्या काढून गोठ्याला लावल्या, संपली शाळा.

असे धक्के मग सवयीचे झाले असं म्हणणार होते, पण नाही झाले. एकदा समोरून रस्त्यावरून चर्च आलं. खोटं नाही सांगत. कांद्यासारख्या घुमटाचं, खिडक्यांसकट, ट्रेलरवर चढवलेलं. पुढे दिवे लावलेली गाडी, मागे दहाबारा गाड्या. मी गाडी कडेला घेऊन तोंड उघडं टाकून बघत बसले. एका ठिकाणची वस्ती उठली म्हणून देवच उचलून दुसरीकडे नेत होते. दुसऱ्यांदा, धान्याचा पाच मजली मनोरा पाडताना गाव खुर्च्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन बघायला जमलेलं. मशीननं दोन धडका दिल्या आणि तो खाली बसला. खुर्च्या मिटल्या आणि माणसं जेवायला घरी गेली.

रस्त्यांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिथली जमीन माणसं यायच्या आधीच चौकोनात कापलेली. दर मैलाला रस्ता, नाकासमोर सरळ, क्षितिजापर्यंत. आमच्या काउंटीत हजारभर मैल कच्चे रस्ते असतील, पण वळण म्हणून नाही. मी या सरळपणाच्या प्रेमातच पडले, कारण मी मोजणीदाराची मुलगी.

माझे बाबा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. आमचं गाव दर्यापूरकडचं, काळ्या मातीचं. बाबांच्या मोजणीच्या साखळीची एक कडी इकडची तिकडे होणार नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती. भाऊभाऊ डोकी फोडायला निघालेले बाबांनी रोवलेल्या हद्दीच्या दगडावर मुकाट्यानं राजी व्हायचे. त्यांचा एक नियम होता. शेतावर गेलं की आधी तिथल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं, विचारायचं, मग साखळी टाकायची. "कागदाला जे माहीत नसतं ते म्हाताऱ्याला माहीत असतं," म्हणायचे.

अशा माणसाच्या नावावर एकच डाग होता. मी लहान असताना आमच्या गावाला रोजगार हमीचा रस्ता निघाला. रस्त्यात जाणाऱ्या जमिनीची मोजणी बाबांकडे. रस्ता फाट्यापासून सरळ येतो आणि नेमका आमच्या शेताशी, नाल्यापाशी, वाकडा होऊन गायरानात शिरतो. बाबांनी अहवाल दिला होता म्हणे, तिथे जमीन खचते. गाव काय ते समजलं. मोजणीदारानं स्वतःच्या शेताची पट्टी वाचवली. अमरावतीला डिप्लोमाला असताना मी सर्व्हेइंग शिकले, सुट्टीत येऊन ती जागा बघितली आणि तिथल्या तिथे बाबांना तोंडावर म्हटलं, "इथं काही खचत नाही. तुम्ही खोटं लिहिलं." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी काढून झटकली आणि घराकडे चालू लागले. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आता ते नाहीत.

असो. मूळ गोष्टीकडे येते.

तेलाला बरे दिवस आले होते, २००७-०८च्या सुमाराची गोष्ट. जड ट्रक जायला एक कच्चा रस्ता रुंद करायचा ठरलं. रस्त्याच्या एका कोपऱ्यावर जुनं कबरस्तान. तिथलं चर्च केव्हाच जळालेलं, पण तारेचं कुंपण नीट आणि आत युक्रेनहून आलेल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या कबरी. माझं काम एवढंच की कुंपणाची हद्द नोंदवायची आणि बाहेरच्या पट्टीत खणायला हरकत नाही, असा कागद सही करून द्यायचा. चर्चचं रजिस्टर जपून ठेवलेलं होतं. त्यातलं एकेक नाव मी आतल्या क्रॉसशी ताडून बघितलं. सगळी जुळली. मी खूश.

त्याच आठवड्यात काउंटरवर एक बाई आली. डोक्याला फुलाफुलाचा रुमाल, हातात काठी, वय पंच्याऐंशीच्या पुढे. तिचं नाव ओल्गा. मी तिला मनात ओल्गाआजी म्हणायला लागले.

"तिथे खणू नका," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे तिथे."

मी रजिस्टर काढलं. "नाव सांगा."

"त्याला नाव नव्हतं. मी त्याला पेट्रो म्हणायची."

नऊ दिवसांचा होऊन गेला, म्हणाली. फादर महिन्यातून एकदा घोडागाडीनं यायचे. ते यायच्या आत गेला, बाप्तिस्मा राहिला. बाप्तिस्मा नाही म्हणून कुंपणाच्या आत जागा नाही, असं तेव्हाच्या मोठ्या माणसांनी सांगितलं. वडिलांनी बाहेर ठेवला. ती आठ वर्षांची होती, बरोबर गेली होती.

"बाहेर म्हणजे कुठे?"

तिनं विचार केला. "झाडाजवळ." झाड तर उरलेलं नव्हतं. मग म्हणाली पूर्वेला, मग म्हणाली फाटकाच्या डाव्या हाताला, आणि हे दोन्ही एकाच बाजूला येत नव्हते. मी घड्याळाकडे पाहिलं. आज सांगायला लाज वाटते, पण पाहिलं. म्हटलं, "वी विल लुक इंटू इट, मॅम." हे वाक्य मी तिथेच शिकले होते. याचा अर्थ काही होणार नाही असा असतो, हे तिला माझ्याआधीपासून माहीत होतं. ती काठी टेकत निघून गेली.

शुक्रवारी दुपारी मी कोपऱ्यावर गेले. बर्फ पडणार असं रेडिओवर सांगत होते आणि मला विंटर टायर बदलून घ्यायचे होते. कुंपणाच्या बाहेरून एक फेरी मारली. सपाट गवत. जिथपर्यंत रस्त्याकडेचा चर खणायचा तिथे गुलाबी फितीच्या खुंट्या ठोकल्या आणि गाडीच्या बॉनेटवरच कागद भरला. कुंपणाबाहेर काही आढळले नाही. खाली सही.

सोमवारी सकाळी डॅरिलचा फोन आला. डॅरिल रस्त्याच्या गँगचा मुकादम, सहा फूट चार इंच, बोलणं अगदी मोजकं.

"व्ही, तू ये. इथे एक आजी बसली आहे."

"कुठे बसली आहे?"

"मशीनसमोर. खुर्ची घेऊन."

मी गाडी काढली. रस्ताभर मी त्या म्हातारीवर चिडलेली होते. माझा कागद, माझी सही, माझं रजिस्टर! जाऊन बघते तर काय, पिवळा पोकलेन उभा, आणि त्याच्या दातांपासून दहा पावलांवर, माझ्या गुलाबी खुंट्यांच्या मध्ये, ओल्गाआजी घडीच्या खुर्चीत बसलेली. गुडघ्यावर घोंगडी. मशीनवाला पोरगा खाली उतरून तिला कॉफी देत होता.

"आजी, तुम्ही पडाल, गारठाल," मी म्हटलं. "मी सगळं तपासलं आहे."

"काय तपासलंस पोरी? कागद?"

तिनं घोंगडीखालून कपड्यांच्या हँगरच्या दोन तारा काढल्या, काटकोनात वाकवलेल्या, आणि डॅरिलच्या हातात दिल्या. मला वाटलं हा हसेल. अहो, त्यानं त्या तारा देवाच्या काठ्या धरल्यासारख्या दोन मुठींत धरल्या आणि गवतातून सावकाश चालायला लागला. कुंपणापासून चार पावलांवर तारा फिरल्या आणि एकमेकींवर आल्या. "इथे," तो गंभीरपणे म्हणाला. "माझे आजोबा असंच शोधायचे."

माझं टाळकं फिरलं. आपल्याकडे पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून विहिरीची जागा सांगतो, तो निदान दक्षिणा घेतो म्हणून व्यवहारी तरी वाटतो. मी म्हटलं, "डॅरिल, याला पुरावा म्हणत नाहीत. हँगरनं काउंटी चालत नाही."

ओल्गाआजीनं मात्र मला जवळ बोलावलं आणि अगदी सहज, शेजारीण विचारते तसं विचारलं, "तुमच्या देशात बाळ गेलं तर कुठे ठेवतात?"

मी फटकन सांगून टाकलं, "आमच्यात पुरत नाहीत, दहन करतात. फक्त तान्ह्या बाळांना..."

फक्त तान्ह्या बाळांना पुरतात. दगड नाही, नाव नाही, शेताच्या कडेला कुठेतरी. मी पाच वर्षांची होते. मला भाऊ झाला होता. दुसऱ्या दिवशी बारसं, घरात पाळणा बांधलेला, घुगऱ्या भिजत घातलेल्या, आणि आदल्या दिवशी सकाळी बाळ गेलं. अकरा दिवसांचं. नाव ठेवायचं राहूनच गेलं. बाबा पांढऱ्या कापडातलं गाठोडं उराशी धरून निघाले. मागून काका, त्याच्या खांद्यावर फावडं आणि बोरीच्या काट्यांचा भारा. बायका मागे राहिल्या. कुठे नेलं, हे आम्हा पोरांना कोणी सांगितलं नाही आणि विचारायचंही नसतं. मी ती गोष्ट चाळीस वर्षं अशी मिटून ठेवली होती, की एक म्हातारी काउंटरवर येऊन शब्दन् शब्द तेच सांगत असताना मला काही म्हणता काही आठवलं नव्हतं. सगळ्या ऑफिसात ते कुणाला कळायला हवं होतं, तर मलाच!

माझं डोकं एकाच शब्दावर अडकलं, काट्या. बोरीच्या काट्या कशाला? कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

"आजी," मी विचारलं. "तुमच्याकडे कोल्ह्यांचं काय केलं वडिलांनी? वर काय ठेवलं?"

"वर काही नाही. वर ठेवलं असतं तर फादरला दिसलं असतं." तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली. "आत दगड. बाळावर माती, मातीवर दगड, त्यावर परत माती आणि गवत. दगड मीच आणले, एप्रनमध्ये भरून."

माझ्या गाडीत लोखंडी शीग असते. जमिनीत गाडलेल्या हद्दीच्या खुणा शोधायला मोजणीवाले ती खुपसून बघतात. मी ती आणली आणि डॅरिलच्या तारा फिरल्या तिथून सुरुवात केली. शीग मऊ मातीत जात होती. वीतभर सरकले, पुन्हा खुपसली. मऊ. तिसऱ्यांदा टक्क.

गुडघ्यांवर बसून हातानं गवताचं ढेकूळ उचकटलं. खाली शेतातले गोटे, एकाला एक लागून, हातभर लांब रचलेले. मुठीएवढे. आठ वर्षांच्या पोरीला उचलतील एवढे.

ओल्गाआजी खुर्चीतून उठली. डॅरिलनं तिला धरलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, मला धीर नव्हता. खात्री करावी म्हणून मी शीग घेऊन पुढे सरकले. दोन पावलं मऊ माती आणि पुन्हा टक्क. मला वाटलं सुटा दगड असेल. उकरलं. तसाच ढीग. आणखी दोन पावलं. टक्क.

"व्ही?" डॅरिल म्हणाला.

मी कोपऱ्यावरून वळून फाटकाच्या बाजूलाही गेले. नऊ. कुंपणापासून चार पावलांवर, एका ओळीत, दोन-दोन पावलांवर नऊ ढीग. नऊ घरांतले बाप असेच येऊन, फादरला दिसू नये म्हणून वर गवत लावून गेले होते. पूर्वेची बाजूही खरी आणि फाटकाची डावी बाजूही खरी, कारण ओळ कोपऱ्यावर वळून दोन्ही बाजूंना गेली होती. आजी गोंधळलेली नव्हतीच. चार ढिगांच्या मधोमध माझ्या गुलाबी फितीच्या खुंट्या उभ्या होत्या. एक तर बरोबर ढिगावर ठोकलेली. मी शुक्रवारी ती हातोड्यानं ठोकली होती.

डॅरिलनं टोपी काढली. मशीनवाल्या पोरानं जाऊन किल्ली फिरवली आणि इंजिन बंद झालं. त्या शांततेत मी मातीत बसून मोठ्यानं रडले. कोणी तरी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली. बघते तर ओल्गाआजीचीच.

पुढचं सरकारी. काम थांबलं, पोलीस आले, प्रांताचे जाणकार आले, जमिनीच्या आतलं दाखवणारं यंत्र आणलं. कोणाला उकरलं नाही. नऊच निघाले. साहेब मला म्हणाला, "व्ही, तू प्रोसिजर पाळलीस, तुझी चूक नाही." मला वाटलं, याच्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तो जुना कागद रद्द करायला लावला आणि नवा लिहिला. त्यात सगळं लिहिलं, ओल्गाआजीनं आधी येऊन सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, हेसुद्धा.

त्यातला पेट्रो कोणता, ते कळणं शक्यच नव्हतं. ओल्गाआजी ईस्टरनंतर कबरीवर रंगवलेलं अंडं ठेवायची, आतापर्यंत अंदाजानं कुंपणाबाहेर कुठेतरी एक. पुढच्या वसंतात मी तिला गाडीनं घेऊन गेले तेव्हा तिच्या टोपलीत नऊ होती. एकेक ठेवत ओळीच्या शेवटी पोचली, दम खाल्ला आणि मला म्हणाली, "पोरी, आता अंदाज नाही करावा लागत."

पण मला सांगायचं आहे ते त्या हिवाळ्यातलं. रस्ता तर हवाच होता. मग तो कोपऱ्यापाशी पलीकडच्या शेतात ढकलून पुन्हा जागेवर आणायचा ठरलं आणि आखणी माझ्याकडे आली. डॅरिल माझ्या खुर्चीमागे उभा राहून स्क्रीन बघत होता. उभ्याआडव्या सरळ रेघांच्या जाळीत मी एक छोटी वाकडी रेघ काढली.

"अख्ख्या काउंटीतलं एकमेव वळण," तो म्हणाला. "पन्नास वर्षांनी लोक डोकं खाजवतील, इथे रस्ता का वाकवला म्हणून."

तो गेला. मी त्या रेघेकडे बघत बसले. फाट्यापासून सरळ येणारा रस्ता. नाल्यापाशी वाकडा. मी त्या दिवशी लवकर घरी आले, आणि अमरावतीला उजाडल्याबरोबर मायला फोन लावला. ती तिथे माझ्या धाकट्या भावाकडे असते. चहा पीत होती.

"माय," मी म्हटलं, "आपल्या गावचा रस्ता नाल्यापाशी वाकडा कायले हाये?"

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माय, बाळ तथी हाये का?"

"बाभळीपासून सात पावलं," माय म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. "रस्ता निघाला तवा तुया बापानं तथी साखळी टाकली, आन् टाकलेली साखळी मांगं घेतली. सायबाले सांगतलं, जमीन खचते. खचत नव्हती वो. गहू पिकत होता तथी."

"आन् लोकं जे बोल्ले..."

"लोकं बोल्ले. तूबी बोल्ली. त्यानं ऐकून घेतलं. त्या राती जेवला नाही."

मी फोन दोन्ही हातांनी धरला होता. बाबांनी टोपी काढून झटकली होती, ती कुठे उभं राहून, ते मला आता दिसत होतं. बाभळीजवळ. मी ओरडत होते आणि ते त्या जागेवर उभे होते.

"मग मले सांगतलं काहून नाही, माय? इतकी वर्षं?"

"मोजणीदाराची पोट्टी तू," माय म्हणाली. "कधी इचारलं?"